आशीर्वादाआधीची पाच मिनिटं

रविवारच्या मिस्सेतला सूचनांचा भाग लोक सहसा सोसायचा म्हणून सोसतात. कम्युनियन झालेलं असतं, गायनमंडळाचं शेवटचं कडवं संपलेलं असतं, फादर कम्युनियननंतरची प्रार्थना म्हणतात आणि सगळ्यांना बसायची खूण करतात. लहान मुलं चुळबुळायला लागतात. मागच्या बाकावरची तरणी पोरं हळूच बाहेर सटकतात. अशा वेळी ध्वनिक्षेपकावर कुणीतरी एक कागद वाचू लागतं. माझ्या लेखी वसईच्या धर्मग्रामांत आठवड्याला ऐकू येणारं सगळ्यात कसदार मराठी गद्य त्या कागदावर असतं. धार्मिक गद्य म्हटलं की आपण प्रवचनाकडे पाहतो, बायबलच्या भाषांतराकडे पाहतो, फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’कडे पाहतो. ते योग्यच आहे. पण सूचनांचा कागद कुणी गद्य म्हणून वाचत नाही. तो तसा वाचला तर त्यात काय काय सापडतं, ते सांगावंसं वाटतं.

आधी त्याची जागा पाहा. मिस्सेच्या विधिनियमांत सूचनांना जागा आहे ती शेवटच्या प्रार्थनेनंतर आणि आशीर्वादाच्या आधी. नियम एवढंच म्हणतो की गरज असेल तर आणि थोडक्यात. म्हणजे सूचना झाल्यावर लोकांनी उठून जायचं नाही. उभं राहायचं, आशीर्वाद घ्यायचा आणि मग जायचं. बातमी आणि आशीर्वाद यांच्यामध्ये दुसरं काही येत नाही. कुणाचा दफनविधी किती वाजता, कुणाचं लग्न ठरलं, दहावीच्या मुलांसाठी मार्गदर्शन कधी, उद्या कुठल्या आळीत रोझरी, हे सगळं ऐकून घेतलं की त्या सगळ्यावरून क्रुसाची खूण फिरते. ही जागा ज्याने ठरवली त्याला रचनेची उत्तम जाण असली पाहिजे.

आता एक सूचना जवळून पाहू. निधनाची. नावं गाळली तर तिचा साचा साधारण असा असतो: ‘अमुक आळीतील अमुक यांच्या पत्नी अमुक, वय ८१, काल रात्री देवाघरी गेल्या. अंत्ययात्रा आज दुपारी साडेतीन वाजता राहत्या घरून निघेल. चार वाजता चर्चमध्ये मिस्सा होईल व त्यानंतर दफनविधी होईल.’

पहिला शब्द आळीचा. याला कारण आहे. वसईत डाबरे, लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज, तुस्कानो, डिमेलो ही आडनावं गावोगाव पसरलेली आहेत. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर आलेली मोजकी आडनावं शेकडो घरांत वाटली गेली, आणि संतांची मोजकी नावं त्यांना लागली. नुसतं नाव-आडनाव पुकारलं तर चर्चमधल्या चार जणांना आपल्याच मावशीचा भास होईल. म्हणून वाचणारा आधी आळी सांगतो. आळी ऐकताच सभेतला एक कोपरा सावध होतो, बाकीचे किंचित सैल होतात. मग नवऱ्याचं नाव येतं, तेव्हा तो कोपरा आणखी आवळतो. शेवटी त्या बाईचं स्वतःचं नाव. बाहेरच्या वर्तुळातून आत, आणखी आत, असं हे वाक्य माणसापर्यंत पोचतं. बाई शेवटी येते याबद्दल कुणी हरकत घेऊ शकेल आणि ती हरकत मला मान्य आहे. हल्ली काही ठिकाणी बाईचं नाव आधी घेऊन मग नातं सांगतात, आणि ते अधिक चांगलं आहे. पण आळीचं पहिलेपण तिथेही सुटलेलं नाही. मरण आधी आळीचं असतं, कारण खुर्च्या आणणं, मांडव बांधणं, घरच्यांच्या चहापाण्याचं बघणं, हे सगळं करणार असते आळीच.

त्यानंतर वय. आजार सांगत नाहीत. स्तुती करत नाहीत. ‘अत्यंत मनमिळाऊ स्वभावाच्या’ वगैरे नाक्यावरच्या फलकासाठी राखलेलं असतं. या कागदावर विशेषणाला जागाच नाही, आणि त्याने शोक कमी होत नाही. उलट त्याला मोकळी जागा मिळते. जिला ती बाई ठाऊक आहे तिने आपली विशेषणं मनात घालून घ्यावीत.

पण या सूचनेतली खरी कलाकुसर क्रियापदांत आहे. भूतकाळ फक्त एकदा येतो, ‘देवाघरी गेल्या’. त्यापुढची सगळी क्रियापदं भविष्यकाळी. निघेल, होईल, होईल. वर्तमानपत्रातली बातमी घडून गेलेल्या गोष्टीवर संपते. ही सूचना घडून गेलेल्या गोष्टीपासून सुरू होते आणि पुढे चालत राहते. जी गेली तिला अजून दोन ठिकाणी जायचं आहे, घरून चर्चला आणि चर्चमधून कबरीकडे, आणि त्या वाटेवर तुम्ही सोबत असावं म्हणून वेळ सांगितली जाते. या सूचनेत घड्याळाची वेळ म्हणजे आमंत्रण. ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ असं वाक्य काही जण जोडतात. मला ते फाजील वाटतं. साडेतीन म्हटल्यावर ते आलंच.

गंमत अशी की हे नाव त्या सकाळी दुसऱ्यांदा ऐकू येत असतं. पहिल्यांदा ते आलेलं असतं प्रवचनानंतरच्या प्रार्थनांमध्ये. श्रद्धावंतांच्या या प्रार्थना मधली अनेक शतकं रोमन मिस्सेतून जवळपास लोप पावल्या होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक घटनेत त्या पुन्हा आणायला सांगितल्या. त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी ख्रिस्तसभेच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि सगळं जग, मग संकटात असलेले लोक आणि अखेर स्थानिक समाज. रोमच्या पोपपासून सुरुवात होते आणि शेवट होतो आळीतल्या म्हातारीपाशी. मधे एखादं युद्ध, एखादा भूकंप, पावसाची ओढ. प्रत्येक प्रार्थनेनंतर लोक एकच ठरलेलं वाक्य म्हणतात, आणि ते वाक्य पोपसाठी जितक्या आवाजात म्हणतात तितक्याच आवाजात म्हातारीसाठी.

म्हणजे धर्मग्रामात एखादी गोष्ट आधी प्रार्थना म्हणून कानावर पडते आणि अर्ध्या तासाने सूचना म्हणून. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ऐकणाऱ्याने त्या गोष्टीला आधीच एकदा प्रतिसाद दिलेला असतो, तोंडाने दिलेला असतो, आणि मग त्याला तपशील कळतो. उत्सुकता नंतर येते, आस्था आधी.

या परंपरेची मुळं शोधायला लांब जावं लागत नाही. संत पौलाची पत्रं मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेली होती. कलस्सैकरांना तो सांगतो की हे पत्र तुमच्याकडे वाचून झालं की शेजारच्या लावदिकीयातही वाचायची व्यवस्था करा. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय मी लहानपणी कंटाळून उलटायचो, कारण त्यात नुसती नावं आहेत. फिबी येते आहे, तिला सांभाळून घ्या. प्रिस्का आणि अक्विला यांना सलाम सांगा. आता तोच अध्याय मला सगळ्यांत जिवंत वाटतो. थोर धर्मचिंतन पंधरा अध्यायांत आटोपतं आणि मग धर्मग्रामाच्या सूचना सुरू होतात! दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये जस्टिन नावाच्या हुतात्म्याने बादशहाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारचं वर्णन लिहिलं. त्यात वाचन आहे, प्रवचन आहे, एकत्र प्रार्थना आहे, भाकर आणि द्राक्षारस आहे. शिवाय जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी प्रसाद पोचवणं आहे, आणि अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावचे यांच्यासाठी वर्गणी आहे. आमच्याकडे महिन्याच्या अखेरीला एक सूचना असते: पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी कम्युनियन दिलं जाईल, ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल त्यांनी नाव कार्यालयात द्यावं. शेजारीच सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या वर्गणीची सूचना. ती सोसायटी फ्रेडरिक ओझानामने १८३३मध्ये पॅरिसला विद्यार्थिदशेत मित्रांबरोबर काढली. या दोन सूचना एकापाठोपाठ ऐकताना जस्टिनचं ते पान आठवतं. अठराशे वर्षांत मजकूर फारसा बदललेला नाही.

सूचनांमधला दुसरा मोठा प्रकार लग्नाचा. नवरा-नवरीची नावं, आईवडिलांची नावं, दोघांचे धर्मग्राम, आणि शेवटी एक विनंती, की या विवाहात काही अडथळा असल्याचं कुणाला ठाऊक असेल तर त्याने फादरांना कळवावं. एकापाठोपाठ तीन रविवार. या प्रथेमागे मोठा इतिहास आहे. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लग्नं आधी जाहीर करण्याचा नियम सगळ्या ख्रिस्तसभेला लावला आणि १५६३मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तीन सणवारांना पुकारण्याची पद्धत पक्की केली. चोरून लावलेल्या लग्नांनी त्या काळी युरोपात उच्छाद मांडला होता. पुरुष शब्द देऊन मोकळा व्हायचा, आणि बाईकडे साक्षीला कुणी नसायचं. त्या बाईच्या बाजूने उभं राहण्यासाठी सगळा धर्मग्राम साक्षीला बसवला गेला.

गद्य म्हणून या सूचनेचं वैशिष्ट्य असं की सगळ्या कागदात हीच एक सूचना ऐकणाऱ्याला बोलायचा अधिकार देते. बाकीच्या सूचना या, द्या, करा म्हणतात. ही म्हणते, तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा. आनंदाच्या बातमीच्या शेवटी असं कोरडं, कायद्याचं वाक्य यावं हे कानाला खटकतं. पहिल्या रविवारी ते खटकतंच. तिसऱ्या रविवारी कळतं की कुणीही काही बोललेलं नाही, आणि त्या न बोलण्यात पाचशे माणसांची संमती आहे. तीनदा तेच वाक्य वाचल्याने नकाराची वाट बंद होत गेली आणि होकार साचत गेला. पुनरावृत्तीचा इतका नेमका उपयोग मी कवितेतही क्वचितच पाहिला आहे.

पुकारलेलं हवेत विरतं. त्यानंतर ते जातं वहीत. १६१४च्या रोमन विधिग्रंथाने प्रत्येक धर्मगुरूला पाच वह्या ठेवायला सांगितल्या होत्या: बाप्तिस्मे, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातल्या घराघराची नोंद. आजच्या धर्मकायद्यात बाप्तिस्म्याची नोंदवही सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिचं पान ज्यांनी निरखून पाहिलं नसेल त्यांनी आपल्या दाखल्यासाठी कार्यालयात गेल्यावर जरूर पाहावं. एका ओळीत बाळाचं नाव, जन्मतारीख, आईबाप, आजोळ-पितृकुळ, धर्ममाता, धर्मपिता, फादरांची सही. आणि बाजूला रुंद समास कोरा. कोरा ठेवलेला, मुद्दाम. पुढे त्या बाळाला दृढीकरण मिळालं की त्याची नोंद या समासात होते. लग्न झालं की तेही इथेच. संन्यासाची कायमची व्रतं घेतली, धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली, तरी इथेच. माणूस जगात कुठेही असो. दुबईत लग्न लागलं किंवा टोरंटोत लागलं, तरी तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं असा नियम आहे. मग वसईच्या कार्यालयात कुणीतरी तीस वर्षं जुनी वही उघडतं, ती ओळ शोधतं आणि वेगळ्या शाईत, वेगळ्या वळणाच्या अक्षरात समासात दोन ओळी लिहितं.

धर्मग्राम आपल्या माणसाची बातमी अशी ठेवतो. केळीच्या वाड्या, पानवेली विकून जे आखातात आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियात गेले त्यांच्या ओळी इथे आहेत, आणि त्यांचे समास परदेशातून आलेल्या पत्रांनी भरत आहेत. वर मूळ मजकूर, बाजूला आयुष्यभराचं भाष्य. जुन्या पोथ्यांच्या समासांत टीपा लिहिणाऱ्या आपल्या पंडितांना हे पान पाहून आनंद झाला असता.

कागद आणि वही यांच्याही आधी बातमी सांगत असे ती घंटा. दिवसातून तीनदा आंजेलसची, तीन-तीन टोल थांबून थांबून आणि मग सलग. मिस्सेची वेगळी, मयताची वेगळी. शेतात वाकलेला माणूस लय ऐकून पाठ सरळ करी. या घंटांची एक कथा मराठी वाचकाला वेगळ्या अंगाने ठाऊक असते. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा प्रसिद्धच आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर आणखी एक आहे. आपण त्या विजयाच्या बाजूने पाहतो, आणि तो विजय मोठा होताच. पण मेणवलीच्या घंटेपुढे उभं राहिलं की मला प्रश्न पडतो तो वसईच्या त्या धर्मग्रामाचा. घंटा गेल्यावर तिथल्या लोकांना आपलं माणूस गेल्याचं कसं कळलं असेल? बहुधा कुणीतरी आळीआळीतून सांगत फिरलं असेल. बातमी थांबली नसणार.

भाषेची गोष्ट याहून अधिक महत्त्वाची आहे. १९६०च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. वेदीवरच्या प्रार्थना लॅटिनमध्ये, लोकांची पाठांतरं लॅटिनमध्ये. लाल लुगड्यातल्या आजीला कळण्यासारखं जे होतं त्यात प्रवचन, भक्तिगीतं आणि या सूचना. म्हणजे मिस्सा मराठीत येण्याच्या कितीतरी आधी सूचना मराठीत होत्या. पवित्र ठिकाणी, पवित्र विधीच्या मधोमध, आपल्या आळीचं नाव आपल्या भाषेत उच्चारलं जातं, हा अनुभव या लोकांना आधी सूचनांनी दिला. आजही वाचणाऱ्याची भाषा प्रमाण मराठी असते, आणि बाहेर आवारात आल्याबरोबर तीच सूचना सामवेदी माणसं कादोडीत, वाडवळ वाडवळीत, कोळी आपल्या बोलीत फोडून सांगतात. कागदावर जे नव्हतं ते सगळं तिथे येतं. आजार काय होता, मुलगा विमानाने पोचला का, सून कशी राबली. विशेषणांची तिथे कमतरता नाही.

या सूचनांचा विस्तार म्हणूनच कॅथलिक मराठी नियतकालिकं मला वाचाविशी वाटतात. ‘निरोप्या’ १९०३मध्ये जर्मन येशुसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी अहमदनगरच्या खेड्यांतल्या विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी सुरू केला. वसईचं ‘सुवार्ता’ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३पासून २००७पर्यंत संपादित केलं. नंदाखाल हे दिब्रिटोंचं गाव. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे, २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले दिब्रिटो महाराष्ट्राला ठाऊक आहेत. मला त्यांचं मोठेपण अजून एका ठिकाणी दिसतं. वसईची जमीन आणि पाणी यांचा प्रश्न त्यांनी श्रद्धेचा विषय केला. विहीर आटली, वाडी गेली, ही धर्मग्रामाचीच बातमी आहे असं त्यांनी ठरवलं. हरित वसईच्या चळवळीत माणसं उतरली, कारण बातमी ऐकली की जायचं असतं, ही सवय त्यांना दर रविवारी लागलेली होती. साडेतीन म्हटलं की साडेतीनला हजर राहणारी ती माणसं.

या प्रकाराचं अलीकडे काहीसं वाटोळं होतं आहे, हेही म्हटलं पाहिजे. कागद लांबत चालला आहे. देणगीदारांच्या याद्या वाचल्या जातात, रकमांसकट. सहलींच्या जाहिराती येतात. गाड्या कुठे लावाव्यात यावर खडे बोल येतात. निधनाच्या दोन ओळी आणि सहलीच्या बारा, असं झालं की प्रमाण बिघडतं आणि ऐकणारा दोन्ही सोडून देतो. वाचणारेही घाईत वाचतात. आळीनंतर एक श्वास थांबायचं असतं, तो थांबा जुने वाचक बरोबर घ्यायचे.

व्हॉट्सअॅपमुळे सूचनांचं काम संपलं असंही पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. निधनाचा निरोप हल्ली आदल्या रात्रीच सगळ्यांच्या फोनवर पोचलेला असतो, हे खरं. तरीही रविवारी तो पुन्हा वाचला जातो आणि ज्यांना आधीपासून ठाऊक आहे तेही तो ऐकताना ताठ बसतात. ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा ऐकायची गरज का भासावी? कारण रात्री ती एकेकट्याला कळली होती. सकाळी ती सगळ्यांदेखत सगळ्यांची झाली. २०२०च्या टाळेबंदीत चर्च बंद होती, फादर मोकळ्या बाकांसमोर मिस्सा म्हणत होते आणि लोक घरात पडद्यावर पाहत होते. सूचना तेव्हाही वाचल्या जात. मात्र साडेतीन वाजता कुणी जाऊ शकत नव्हतं. ती क्रियापदं तशीच भविष्यकाळी होती आणि ऐकणाऱ्याला ती बोचत होती.

माझं एक मागणं आहे. बाप्तिस्म्याच्या वह्या लोखंडी कपाटात जपल्या जातात, ते योग्यच आहे. सूचनांचे कागद मात्र सोमवारी रद्दीत जातात. इंग्लंड-आयर्लंडमधल्या काही धर्मग्रामांच्या सूचनावह्या अभिलेखागारांत ठेवलेल्या आहेत आणि इतिहासकार त्या वापरतात. वसईच्या प्रत्येक चर्चमध्ये एक फाइल, वर्षाचे बावन्न कागद तारखेनिशी लावलेले, एवढं केलं तरी पुरे. सेक्रेटरीला अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि ज्या घरांत जुन्या सूचनांचे किंवा सणाच्या पत्रकांचे कागद प्रार्थनेच्या पुस्तकात घडी घालून राहिलेले असतील त्यांनी ते कार्यालयात नेऊन द्यावेत, किंवा निदान त्यांचा फोटो काढून तरी द्यावा.